पोलादाचे छेद व त्यांची कामे

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा नदी संगमरवरी कड्यांच्या मधून वाहते. होडीतून या घळईत शिरणाऱ्या प्रवाशाला नावाडी एक जागा आवर्जून दाखवितात. तिचे नाव बंदरकूदनी. एके काळी येथे दोन्ही तीरांचे कडे इतके जवळ होते की, माकडे एका तीरावरून दुसऱ्या तीरावर उडी मारून जात, अशी आख्यायिका आहे. पुढे नदीने कडे झिजविले, अंतर वाढले आणि माकडांची ती वाट बंद झाली.

उडी पुरत नाही तेथे माणसाला काही तरी आडवे टाकावे लागते. ओढ्यावरचा ओंडका, दारावरची पाटी, घराची तुळई आणि नदीवरचा पूल ही सर्व एकाच प्रश्नाची उत्तरे होत. दोन आधारांमधील मोकळ्या जागेवरून भार सुखरूप पलीकडे कसा न्यावा, हा तो प्रश्न होय. त्याचे एक जुने उत्तर भेडाघाटच्याच टेकडीवर उभे आहे. कलचुरी राजांच्या काळात, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, बांधलेल्या चौसष्ट योगिनींच्या देवळात वर्तुळाकार ओवरी असून तीत ऐंशीच्यावर कोष्ठे आहेत. ओवरीचे दगडी खांब परस्परांपासून फार दूर नाहीत. खांब असे जवळ जवळ ठेवण्याचे कारण केवळ शोभा नव्हे. दगडाचा स्वभाव हे त्याचे मुख्य कारण होय.

आडव्या पाटीवर भार आला म्हणजे ती किंचित खाली वाकते. वाकताना तिच्या वरच्या अंगाचे कण एकमेकांवर दाबले जातात, तर खालच्या अंगाचे कण एकमेकांपासून ओढले जातात. दगड दाब उत्तम सोसतो. ओढ मात्र त्याला सोसवत नाही. संगमरवराचे ओढ सोसण्याचे बळ त्याच्या दाब सोसण्याच्या बळाच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. म्हणून दगडी पाटी खालच्या अंगाला तडकते आणि एकदा तडकली की पूर्वसूचना न देता दुभंगते. प्राचीन स्थपतींना हे अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी अंतरे लहान ठेवली आणि पाट्या जाड घेतल्या.

पोलाद दाब आणि ओढ ही दोन्ही जवळजवळ सारख्याच सामर्थ्याने सोसते. परंतु ते जड आहे आणि महाग आहे. एक घनमीटर पोलादाचे वजन सुमारे ७,८५० किलोग्रॅम भरते. म्हणजे संगमरवराच्या जवळजवळ तिप्पट. दगडाप्रमाणे पोलादाचेही जाड ठोकळे वापरले, तर पुलाचे बहुतेक बळ स्वतःचे ओझे वाहण्यातच खर्ची पडेल. म्हणून पोलाद किती घ्यावे, एवढाच विचार पुरेसा होत नाही. ते कोणत्या आकारात घ्यावे, हेही ठरवावे लागते. लांब पोलादी नग आडवा कापला असता कापलेल्या तोंडावर जी आकृती दिसते, तिला स्थापत्यशास्त्रात छेद म्हणतात. इंग्रजी मुळाक्षरांशी साम्य असलेले आय, एच, टी हे छेद, काटकोनी अँगल, पन्हळीसारखा चॅनेल, पोकळ नळी, चपटी पट्टी व गोल सळई हे बांधकामातील नित्य परिचयाचे छेद होत. त्यांतील प्रत्येकाचे रूप त्याच्या कामाने ठरविले आहे. ही कामे मुळात तीनच आहेत : ओढ सोसणे, वाकण सोसणे आणि दाब सोसणे.

ओढ : जेथे आकार गौण असतो

भेडाघाट येथे धुवाँधार धबधब्यावरून रज्जुमार्ग जातो. पाळणा ज्या तारदोरावर लटकतो, त्या दोराला केवळ ओढ सोसावी लागते. अशा कामात छेदाच्या आकाराला फारसे महत्त्व नसते. गोल सळई, चपटी पट्टी किंवा बारीक तारांचा पीळ यांपैकी काहीही घेतले, तरी छेदाचे क्षेत्रफळ व पोलादाची जात सारखी असल्यास बळ सारखेच मिळते. बांधकामाच्या साध्या पोलादाची एक चौरस सेंटिमीटर छेदाची सळई सुमारे २,५०० किलोग्रॅम ओढीपर्यंत कायमची ताणली जात नाही. प्रत्यक्ष बांधकामात भार अर्थातच याहून पुष्कळ कमी ठेवतात.

लोखंडाच्या या गुणाचा उपयोग या प्रदेशात फार पूर्वीच झाला होता. सागरजवळ बेवस नदीवर १८३० साली प्रेसग्रेव्ह नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सुमारे २०० फूट गाळ्याचा झुलता पूल पुरा केला. त्याचे लोखंड विलायतेहून आणलेले नव्हते. ते याच भागातील खाणींच्या दगडातून, देशी भट्ट्यांत गाळलेले होते आणि देशी कारागिरांनीच ते घडविले होते. तेव्हा मोठे छेद लाटणाऱ्या गिरण्या येथे नव्हत्या. तथापि झुलत्या पुलाला त्यांची गरजही नव्हती; ओढ सोसणाऱ्या घडीव कांबी त्याला पुरेशा होत्या.

वाकण : आयचा छेद

वाकण सोसण्याचे काम मात्र निराळे आहे. त्याचा प्रयोग शाळेतील फूटपट्टीवर कोणासही करता येईल. पट्टीची दोन टोके दोन पुस्तकांवर ठेवून ती आडवी निजवावी व मध्ये बोटाने दाबावे. ती सहज वाकते. तीच पट्टी कडेवर उभी करून दाबल्यास ती वाकत नाही. पट्टी तीच, लाकूडही तेच. फरक केवळ ठेवण्याच्या रीतीत आहे. पट्टी ३० मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड असेल, तर उभ्या स्थितीत तिचा ताठपणा आडव्या स्थितीच्या शंभर पट असतो.

याचे कारण असे की, वाकणाऱ्या वस्तूत सर्व कणांना सारखे काम पडत नाही. वरच्या कडेला दाब सर्वांत जास्त असतो आणि खालच्या कडेला ओढ सर्वांत जास्त असते. या दोहोंच्या मध्ये एक पातळी अशी असते की, तेथे दाबही नसतो व ओढही नसते. तिला उदासीन अक्ष म्हणतात. या अक्षाजवळचा माल जवळजवळ बेकार असतो. मग तो तेथे ठेवावयाचा कशासाठी? तो काढून वर आणि खाली, जेथे खरे काम आहे तेथे, पट्ट्यांच्या रूपाने नेऊन ठेवावा. मध्ये त्या दोन पट्ट्यांना जोडून धरणारी पातळ उभी पाटी तेवढी राखावी. असे केले म्हणजे जो आकार तयार होतो, तोच आयचा छेद. बाजारात यालाच गर्डर म्हणतात.

या व्यवस्थेचा लाभ किती होतो, हे आकड्यांनी पाहणे उद्बोधक ठरेल. भारतीय मानकातील ३०० मिलिमीटर उंचीच्या मध्यम गर्डरचे छेदफळ सुमारे ५६ चौरस सेंटिमीटर असून त्याच्या एका मीटरचे वजन सुमारे ४४ किलोग्रॅम भरते. तेवढ्याच वजनाचा भरीव चौरस दांडा घेतला, तर त्याची बाजू साडेसात सेंटिमीटर येईल. वाकण्यास होणाऱ्या विरोधाचे माप असलेले निरूढी परिबल त्या दांड्याचे सुमारे २६४ भरते. गर्डरचे मात्र सुमारे ८,६०० भरते. म्हणजे तितकेच पोलाद वापरून ताठपणा बत्तीस पट होतो आणि भार वाहण्याचे बळ आठ पट होते. यासाठी पोलादाचा एक कणही अधिक लागलेला नाही. केवळ त्याची जागा बदलली आहे.

मात्र हा लाभ गर्डर उभा ठेवला तरच मिळतो. तोच गर्डर कुशीवर निजविला, तर त्याचा ताठपणा सुमारे एकोणिसाव्या हिश्शावर व बळ सुमारे नवव्या हिश्शावर येते. अजाण माणसाला गर्डर कुशीवर अधिक स्थिर बसलेला दिसतो. छपराखाली वावरणाऱ्यांच्या दृष्टीने ती स्थिरता फसवी असते.

आयच्या छेदाचा जवळचा नातेवाईक म्हणजे चॅनेल होय. आयची वरची व खालची पट्टी एका बाजूने कापून टाकली म्हणजे चॅनेल होतो. त्याची पाठ सपाट असल्याने तो भिंतीला किंवा दुसऱ्या नगाला चिकटवून बसविता येतो. छपराचे पत्रे ज्यांवर ठोकतात ते आडवे नग, जिन्याच्या दोन्ही कुशींच्या तिरप्या तुळया आणि वाहनांच्या सांगाड्याच्या लांब दांड्या यांसाठी चॅनेल सोयीचा पडतो. मात्र भार त्याच्या उभ्या पाटीच्या रेषेत आला तरी चॅनेल थोडासा पिळला जातो, कारण त्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. म्हणून त्याला बाजूने आधार द्यावा लागतो किंवा दोन चॅनेल जोडीने वापरावे लागतात.

दाब : छुपा धोका

दाब सोसणे हे वरकरणी सर्वांत सोपे काम वाटते. आखूड ठोकळ्याच्या बाबतीत ते तसे असतेही. परंतु नग लांब व सडपातळ असला म्हणजे तो चिरडला जाण्याच्या पुष्कळ आधीच मध्ये बाक घेऊन बाजूला निसटतो. छडी जमिनीवर टेकून वरून दाबली असता हेच घडते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचा नियम शोधून काढला. नगाची लांबी दुप्पट केली तर बाक येण्यास पुरेसा भार चौथ्या हिश्शावर येतो. आणि छेदातील माल मध्यापासून दूर पसरला असेल, तर तो भार वाढतो. या पसरण्याच्या मापाला परिभ्रमण त्रिज्या म्हणतात.

येथे एक अडचण उपस्थित होते. बाक कोणत्या दिशेने यावा, हे नग स्वतः ठरवितो आणि तो नेहमी आपली सर्वांत दुबळी दिशा निवडतो. म्हणून खांबाला सर्व दिशांनी साधारण सारखे बळ हवे. तुळईसाठी उत्तम ठरलेला अरुंद आय येथे तितकासा उपयोगी पडत नाही. त्याच्याऐवजी रुंद पट्ट्यांचा, एच अक्षरासारखा छेद वापरतात. दोन चॅनेल समोरासमोर, मध्ये अंतर सोडून उभे करून तिरप्या पट्ट्यांनी जोडणे हा दुसरा उपाय होय.

अँगल हा सर्वांत स्वस्त व जोडण्यास सर्वांत सोपा छेद आहे. त्याच्या दोन सपाट बाजूंना भोके पाडून बोल्ट बसविता येतात. परंतु दाबाच्या कामात त्याची एक तिरपी दिशा फार दुबळी असते. ५० मिलिमीटर बाजूंच्या व ६ मिलिमीटर जाडीच्या अँगलची लघुतम परिभ्रमण त्रिज्या एक सेंटिमीटरही भरत नाही. मुख्य दाब सोसणाऱ्या नगाची परिणामी लांबी या त्रिज्येच्या १८० पटीहून अधिक असू नये, असा संकेत आहे; म्हणजे असा एकटा अँगल पावणेदोन मीटरच्या पुढे दाबाच्या मुख्य कामाला घेता येत नाही. जवळजवळ तेवढ्याच वजनाची, ६० मिलिमीटर व्यासाची पोकळ नळी घेतली, तर तिची परिभ्रमण त्रिज्या दोन सेंटिमीटर भरते. लांब नगाच्या बाबतीत तिला बाक आणण्यास चौपटीहून अधिक भार लागतो. वहीच्या कागदाची सुरळी करून उभी केली तर ती लहानसे पुस्तक तोलून धरते. तोच कागद सपाट असताना उभाही राहत नाही. यामागील तत्त्व हेच होय.

स्कॉटलंडमधील फोर्थ नदीमुखावरील १८९० साली खुल्या झालेल्या रेल्वे पुलात हे तत्त्व उघड दिसते. त्यात दाब सोसणारे मुख्य अवयव माणूस सहज उभा राहील एवढ्या मोठ्या गोल नळ्यांचे आहेत आणि ओढ सोसणारे अवयव हलक्या जाळीदार बांधणीचे आहेत. याच्या उलट अनुभव १९०७ साली कॅनडात आला. २९ ऑगस्ट रोजी क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला प्रचंड पूल काही क्षणांत कोसळला आणि ७५ कामगार मृत्यू पावले. पुलाच्या तळाशी दाब सोसणारे अवयव अनेक पाट्यांचे मिळून केलेले होते. त्या पाट्यांना एकजीव ठेवणारी तिरप्या पट्ट्यांची जोडणी अपुरी होती. तसेच पुलाच्या स्वतःच्या वजनाचा अंदाजही कमी धरला गेला होता. पोलाद कमअस्सल नव्हते. पाट्या परस्परांना धरून राहिल्या नाहीत. दुर्घटनेपूर्वी त्या अवयवांना आलेला बाक मोजला गेला होता. त्याचा अर्थ वेळेवर ओळखला गेला नाही, ही त्यातील अधिक खेदाची गोष्ट होय.

तिन्ही कामांचा मेळ

मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग १८७० साली जबलपूर येथे सांधला गेला. जबलपूरहून नरसिंगपूरकडे जाताना हा मार्ग नर्मदा ओलांडतो. अशा मोठ्या नद्यांवर एकसंध गर्डर पुरे पडत नाहीत. तेथे कैचीची बांधणी करावी लागते. कैची म्हणजे लहान नगांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा. चौकोन कोपऱ्यांत मुडपून तिरपा होऊ शकतो. त्रिकोणाचा आकार मात्र त्याची एखादी बाजू लांब किंवा आखूड झाल्याशिवाय बदलत नाही.

कैची ही एक प्रकारे फार मोठी आयच होय. तिचा वरचा अवयव दाब सोसतो, खालचा ओढ सोसतो आणि मधल्या पाटीच्या जागी तिरप्या व उभ्या नगांची जाळी असते. शाळेच्या किंवा गोदामाच्या पत्र्याच्या छपराखाली पाहिले असता तेथेही हीच रचना आढळते. ओढ सोसणाऱ्या नगांना बारीक अँगल किंवा सळई पुरते. दाब सोसणारे नग जोड अँगलांचे, टीचे किंवा नळीचे असतात. पाहणाऱ्याने प्रत्येक नगाची जाडी व लांबी न्याहाळली, तर कोणता नग दाबाखाली आहे व कोणता ओढीखाली, हे त्याला पुष्कळदा गणिताविनाही ओळखता येते.

छेद घडतात कसे?

छेद घडविण्याची क्रिया पोळी लाटण्यासारखी आहे. फरक इतकाच की लाटणी येथे दोन असतात व त्यांना खाचा असतात. पोलादाचा ठोकळा सुमारे १,२०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून फिरत्या रुळांच्या जोड्यांमधून पुनःपुन्हा काढतात. प्रत्येक फेरीत खाच इष्ट आकाराच्या अधिक जवळ जाते. शेवटच्या फेरीतून अँगल, चॅनेल किंवा आय बाहेर पडतो. भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि रूळ व छेद लाटणारी गिरणी १९६० साली सुरू झाली. दल्ली-राजहरा येथील खाणींचे लोहखनिज या कारखान्यात येते.

त्या काळी देशात पोलादाची मोठी टंचाई होती. धरणे, कारखाने, पूल यांची मागणी एकाच वेळी आली होती. म्हणून तत्कालीन भारतीय मानक संस्थेने १९५० च्या सुमारास पोलाद काटकसरीची योजना हाती घेतली. परंपरेने चालत आलेल्या छेदांचा फेरविचार करून कमी वजनात अधिक बळ देणारी मापे ठरविण्यात आली आणि १९५७ साली ती मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. नव्या भट्टीने पोलाद वाढते. चांगल्या छेदाने तेच पोलाद अधिक दूर पुरते. त्या मानकांच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरात आहेत.

भूकंप आणि तुषार

१९९७ च्या मे महिन्याच्या २२ तारखेस पहाटे जबलपूर परिसरात भूकंप झाला. नर्मदा व शोण यांच्या खोऱ्यांतून भूकवचातील जुन्या भेगांचा जो पट्टा जातो, त्यात त्याचे मूळ होते. सुमारे चाळीस माणसे मृत्युमुखी पडली; मातीच्या व विटांच्या असंख्य घरांना तडे गेले. ज्या दोषामुळे दगडी पाटी तडकते, तोच दोष अशा भिंतींत असतो : ओढ आली की त्या दुभंगतात. बांधकामाचे साधे पोलाद तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पाचव्या भागाइतके ताणले जाऊ शकते. वाकून, ताणून ते धक्क्याची शक्ती जिरविते आणि आतील माणसांना बाहेर पडण्यास अवधी देते. परंतु हा गुण आपोआप लाभत नाही. सांधे दुबळे असतील किंवा छेदाच्या पाट्या फार पातळ असून सुरकुतत असतील, तर उत्तम पोलादही त्या क्षणी उपयोगी पडत नाही.

दुसरा शत्रू संथ पण अखंड काम करणारा आहे. धुवाँधारच्या काठी हवेत सदैव तुषार असतात. पाणी व हवा एकत्र आली की पोलाद गंजते, आणि येथेही आकाराला महत्त्व येते. तोंड वर करून बसविलेला चॅनेल पन्हळीप्रमाणे पाणी धरून ठेवतो. तोच पालथा ठेवला तर पाणी निथळून जाते. पाठीला पाठ लावून जोडलेल्या अँगलांमधील फटीत कुंचला पोहोचत नाही. पोकळ नळीची तोंडे पक्की बंद केली, तर तिला बाहेरूनच रंग द्यावा लागतो. तोंडे उघडी राहिली, तर ती आतून, कोणाच्या नजरेस न येता, खंगत जाते. दर मीटरला काही किलोग्रॅम पोलाद वाचविणारा छेद निवडणे ही काटकसर होय. परंतु रंगाचा हात चुकविणे ही काटकसर नव्हे.

चौसष्ट योगिनींच्या ओवरीतील खांब दगडाचा स्वभाव ओळखून जवळ जवळ उभे केले गेले, म्हणून ती ओवरी हजार वर्षे टिकली. पोलादाचा स्वभाव ओळखणे याचा अर्थही तोच आहे : ओढीला पुरेसे क्षेत्रफळ द्यावे, वाकणाला उंची द्यावी आणि दाबाला चहूबाजूंनी फैलाव द्यावा. भेडाघाटला जाणाऱ्या विद्यार्थ्याने कड्यांकडे पाहून झाल्यावर क्षणभर कठड्याच्या नळीकडे, रज्जुमार्गाच्या दोराकडे आणि वाटेवरील विजेच्या तारांच्या मनोऱ्यांतील अँगलांकडेही पाहावे. यांतील प्रत्येक नग कोणते काम करीत आहे, हे त्याने स्वतःस विचारावे. त्याचे उत्तर त्या नगाच्या छेदातच सापडेल.